गाळ्याच्या करारावर सही करायच्या आधी वकिलाकडून कागद तपासून घेतले: साडेतीन स्टार देणार होते, चार दिले

मी रिव्ह्यू लिहिणाऱ्यातली बाई नाही, चप्पल आठवड्यात तुटली तरी दुकानात परत न जाता घरी टाचणी लावून वापरणारी आहे मी. पण यावेळी लिहितेय कारण करार तपासून देणारा वकील शोधताना मला कुठेच धड कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं, सगळीकडे नुसतं 'उत्तम सेवा, धन्यवाद' एवढंच. वकिलांचं नाव मात्र लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि वकिलाविरुद्ध नावानिशी तक्रार लिहायची हिंमत माझ्यात नाही हे सरळ सांगते.

सर्व्हिस काय ते आधी. धंद्यासाठी जागा भाड्याने किंवा विकत घेताना जो करार येतो तो हे वाचून देतात, एक बैठक, मग लेखी नोट, मग कराराच्या मसुद्यावरच दुरुस्त्या करून देतात, आणि भागीदार असतील तर भागीदारांचा आपसातला करार पण बनवून देतात. फी आम्हाला एका महिन्याच्या भाड्याहून कमी पडली, म्हणजे मूळची. नंतरचं खाली लिहिते.

मी आणि माझी मैत्रीण आठ वर्षं छपाई आणि बाइंडिंगचं काम करतोय, पत्रिका, बिलबुकं, छोटी पुस्तकं असलं सगळं. इतकी वर्षं तिच्या घरामागच्या शेडमध्ये भागत होतं, मग कटिंगचं मोठं मशीन घेतलं आणि शेडचं दारच लहान पडलं. म्हणून तळमजल्याचा गाळा बघितला, नऊ वर्षांचा करार, ४१ पानं. एजंट म्हणाला, मॅडम स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे हाच साइन करतात. मी छपाईवाली आहे हो, स्टँडर्ड फॉरमॅट म्हणजे काय मला चांगलं माहितीये, एकाचं बघून दुसऱ्याने नाव बदलून छापलेलं असतं, आणि त्यात एका ठिकाणी जुनं नाव राहिलेलं असतं. ते इथेही होतं, पान १९ वर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. तेवढं एक मला सापडलं आणि मी फार खूश झाले की बघा मी पण वाचते. बाकीच्या ज्या गोष्टी वकिलांनी काढल्या त्यातली एकही मला दिसली नव्हती.

पहिल्या बैठकीत त्यांनी कराराचा गठ्ठा घेतला आणि उलटा केला, म्हणजे शेवटून वाचायला सुरुवात केली. आधी सहीचं पान, मग मागची परिशिष्टं, मग नकाशा, आणि सगळ्यात शेवटी पहिलं पान. हातात पेन नाही, पेन्सिल, तीही बारकी झालेली. सहीच्या रेघेवर पेन्सिल टेकवून विचारलं, इथे कोण सही करणार? आम्ही म्हटलं आम्ही दोघी. म्हणे दोघी म्हणजे कोण? आता याला काय उत्तर द्यायचं, आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग मैत्रीण म्हणाली की कंपनी काढायला टाकलीये, नाव मंजूर झालंय, सर्टिफिकेट पंधरा दिवसात येईल, म्हणून करारात कंपनीचंच नाव घातलंय. त्यांनी रेघेसमोर एक प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाले, म्हणजे आज ही कंपनी जन्मलेलीच नाही.

मग त्यांनी १८६६ सालची इंग्लंडमधली एक केस सांगितली, केल्नर विरुद्ध बॅक्स्टर. हॉटेलची कंपनी अजून स्थापन व्हायची होती, तिच्या वतीने काही लोकांनी वाइनची ऑर्डर दिली, माल आला, पिऊन संपला पण, आणि कंपनी बुडाली. कोर्ट म्हणालं जी कंपनी त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती तिच्या वतीने सही करता येत नाही, ज्यांनी केली त्यांनी खिशातून भरा. आता देशोदेशी कायद्यात याला फाटे फुटलेत, काही ठिकाणी कंपनी नंतर तो करार स्वतःवर घेऊ शकते, पण आधी सही करून मग कंपनी काढायची म्हणजे मधल्या काळात सगळं आपल्याच अंगावर. आम्ही तर परवाच्या शनिवारी सही करायला निघालो होतो, मालकांनी मुहूर्तासारखी वेळ पण दिली होती. त्यांचा सल्ला एका वाक्याचा होता, सर्टिफिकेट हातात आल्यावर त्याचा नंबर करारात लिहा आणि मग सही करा. पंधरा दिवस थांबलो. मालक थोडे फुगले, एजंट जास्त फुगला.

मला वाटलं झालं, कंपनी आली की आपण सुटलो. तर त्यांनी पान ३७ काढलं. तिथे 'वैयक्तिक हमी' नावाचं परिशिष्ट होतं आणि त्यात आम्ही दोघींनी, आणि हे मला आजही आठवलं की राग येतो, आमच्या दोघींच्या नवऱ्यांनी पण सही करायची होती. एजंट याबद्दल जाता जाता म्हणाला होता, मिस्टरांच्या पण दोन सह्या लागतील फॉर्मॅलिटी म्हणून. फॉर्मॅलिटी!! हमीत लिहिलं होतं की कंपनीने भाडं नाही दिलं तर हे चौघे देतील, सगळ्या मुदतीचं, कसलीही मर्यादा नाही, आणि 'संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे'. हे दोन शब्द त्यांनी पेन्सिलने गोल केले. मला वाटायचं चौघांनी हमी दिली म्हणजे बुडाले तर पाव पाव वाटून घ्यायचं. तसं नसतं. मालक चौघांपैकी ज्याच्याकडे पैसे दिसतात त्या एकालाच धरून सगळी रक्कम वसूल करू शकतो, मग त्याने उरलेल्या तिघांच्या मागे फिरायचं. म्हणजे माझा नवरा, ज्याला या धंद्यातलं गठ्ठ्याला कागद किती हे पण माहीत नाही, त्याच्या पगारावर आणि आमच्या घरावर.

इथे त्यांनी सॉलोमनची गोष्ट सांगितली आणि ती मला इतकी आवडली की मी घरी येऊन सगळ्यांना सांगितली. ॲरन सॉलोमन हा लंडनचा चामड्याच्या बुटांचा व्यापारी, त्याने १८९२ मध्ये आपला धंदा कंपनीला विकला, कंपनीचे २०,००७ शेअर्स, त्यातले २०,००१ याचे स्वतःचे आणि बायको, मुलगी आणि चार मुलगे यांचा एकेक. म्हणजे कंपनी कसली, घरच होतं ते. कंपनी बुडाली, ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले होते ते म्हणाले हे नाटक आहे, सॉलोमनकडून घ्या. खालच्या कोर्टांना ते पटलं होतं पण १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगितलं की नाही, कायद्याने कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती, तिचं कर्ज तिचं, याचं नाही. आज जगभर लोक कंपनी काढून निवांत झोपतात ते या तत्त्वाच्या जोरावर. आणि वकील म्हणाले, सॉलोमनने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जी भिंत बांधून दिली ती तुम्ही पान ३७ वर एका सहीने पाडताय, मग कंपनी काढण्याचा खर्च तरी कशाला केला?

मैत्रीण म्हणाली, हमीच देणार नाही मी. त्यांनी तिला शांतपणे सांगितलं की नवी कंपनी, खात्यात काही नाही, मागचा इतिहास नाही, अशा कंपनीला मालक नऊ वर्षांसाठी गाळा का देईल, त्याच्या बाजूनेही बघा. हे मला बरं वाटलं, उगाच भडकवणारा वकील नाही. मग मधला रस्ता काढला. नवरे बाहेर. हमी फक्त आमची दोघींची, तीही सहा महिन्यांच्या भाड्यापर्यंतच, दोन वर्षं भाडं वेळेवर गेलं तर हमी संपली, आणि धंदा नाहीच चालला तर ठरलेली नोटीस देऊन, तोपर्यंतचं सगळं भाडं चुकतं करून किल्ल्या परत दिल्या की पुढची जबाबदारी नाही. हे शेवटचं त्यांनी न्यूयॉर्कच्या पद्धतीवरून घेतलं, तिथे त्याला चक्क 'गुड गाय गॅरंटी' म्हणतात. मालकांनी सहाचे आठ महिने करून घेतले आणि बाकी मान्य केलं. ह्या एका पानासाठी मी पूर्ण फी दोनदा दिली असती, खरंच.

आता नकाशा. शेवटच्या पानाला गाळ्याचा नकाशा जोडलेला होता, त्यावर लाल रेघ, म्हणजे त्या रेघेच्या आतलं तुमचं. आम्ही तो नकाशा बघून म्हटलेलं हो हो हाच गाळा. त्यांनी विचारलं, माल कुठून येणार? कागदाचे गठ्ठे, म्हणजे पॅलेटवर येतात, टेम्पोतून. आम्ही म्हटलं मागच्या दाराने, मागे बोळ आहे ना. त्यांनी पेन्सिलचं टोक लाल रेघेवरून फिरवत फिरवत नेलं आणि मागच्या दारापाशी थांबले. रेघ दारापाशीच संपत होती. बोळ बाहेर. आणि करारात बोळातून जायच्या हक्काबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे उद्या मालकाने बोळात पत्रा लावून गोडाऊन केलं तर आमचं मागचं दार भिंतीत उघडणार. आम्ही गाळा बघायला चार वेळा गेलो होतो, फरशी बघितली, उजेड बघितला, बाथरूमचा नळ सोडून बघितला, बोळात उभं राहून फोटो पण काढला होता, पण बोळ कोणाचा हे दोघींच्या डोक्यात नाही आलं.

आणि दुसरी भानगड खाली पार्किंग असण्याची. तळमजला म्हटला की आपल्याला वाटतं खाली जमीन, पण खाली तळघरात पार्किंग होतं, म्हणजे आमची जमीन ही कुणाचं तरी छत. कटिंग मशीनचं वजन त्यांनी विचारलं आणि नोटमध्ये लिहिलं की फ्लोअरला किती भार चालतो ते इंजिनीअरकडून लेखी घ्या. घेतलं. मशीन ठरवलेल्या कोपऱ्यात न ठेवता खांबाजवळ सरकवावं लागलं, तेवढ्यावर निभावलं.

वापराचं कलम, ते पण सांगते कारण यात खूप जण फसतात असं वाटतं. करारात वापर 'कार्यालय व किरकोळ विक्री' असा होता. छपाई यातलं काहीच नाही. मालक म्हणाले चालतं हो, मी कुठे अडवतोय. पण मालकाची परवानगी वेगळी आणि त्या भागात छपाईचं युनिट चालवायची सरकारी परवानगी वेगळी, मालक हो म्हणाला म्हणून शहराचे नियम हो म्हणत नाहीत आणि उलटही तसंच. दोन्ही कागद लागतात. शिवाय आज मालक अडवत नाही, पण उद्या त्यानेच गाळा विकला तर नवीन मालकाला 'चालतं हो' बांधून ठेवत नाही, त्याला कागदावरचंच दिसतं.

भाडेवाढ. एजंटने सांगितलं होतं की दर तीन वर्षांनी पंधरा टक्के काय आणि दरवर्षी पाच टक्के काय, एकच आहे ना, पाच त्रिक पंधरा. मी पण मान डोलावली होती. वकिलांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडेच सरकवला. भाडं १०० धरा. दरवर्षी पाच टक्के वाढ चक्रवाढीने होते, नवव्या वर्षी ते साधारण १४८ होतं. तीन वर्षांनी पंधरा टक्क्यांनी नवव्या वर्षी १३२ च. आणि नऊ वर्षांची बेरीज केली तर दरवर्षी पाच टक्क्यांच्या प्रकारात सुरुवातीच्या भाड्याच्या हिशोबाने सात महिन्यांहून जास्त भाडं अधिक जातं. पाच त्रिक पंधरा. एजंटला मी हे नंतर सांगितलं तर म्हणाला, मॅडम इतकं कोणी बघत नाही.

मग आग, पूर, असलं काही झालं तर काय याबद्दल. करारात फक्त एवढंच होतं की भाडं 'कोणत्याही परिस्थितीत' द्यायचं. मी म्हटलं गाळाच जळाला तर कोण भाडं मागेल. तर त्यांनी १६४७ सालची केस काढली, पॅराडाइन विरुद्ध जेन, इंग्लंडमध्ये यादवी युद्ध चाललेलं, राजकुमार रूपर्टच्या सैन्याने भाडेकरूला जमिनीवरून हाकललं, तो बिचारा म्हणाला मी जमिनीवर नव्हतोच तर भाडं कसलं, कोर्ट म्हणालं करारात बिनशर्त कबूल केलंयस, दे. सैन्याने हाकललेल्याला सोडलं नाही तर तुमच्या शॉर्ट सर्किटला कोण विचारतं, असं म्हणून ते स्वतःच हसले. पुढे कायदा बराच मऊ झाला म्हणे, पण जागेच्या भाड्याच्या बाबतीत अगदी थोडा, एका गोदामाला जाणारा रस्ता वीस महिने बंद होता तरी भाडेकरूला इंग्लंडच्या कोर्टाने भाडं माफ केलं नव्हतं, कारण करार दहा वर्षांचा होता, वीस महिने त्यात काय. म्हणून करारातच लिहून घ्यायचं की जागा वापरता येत नसेल तेवढे दिवस भाडं बंद, आणि ठरावीक महिन्यांत दुरुस्त नाही झाली तर आम्ही मोकळे. लिहून घेतलं, आणि बोळ बंद झाला तर ते पण त्यात घातलं.

बाकी मेंटेनन्सला वरची मर्यादा, सोडताना जागा जशी होती तशी करून देण्याच्या कलमासाठी आधीच तारखेसह फोटो काढून कराराला जोडणे, इमारतीवर मालकाचं बँकेचं कर्ज आहे का ते बघून बँकेचं 'भाडेकरूला हलवणार नाही' असं पत्र घेणे, हे सगळं झालं. बँकेच्या पत्राला तीन आठवडे गेले. एक गंमत म्हणजे मालकांच्या मसुद्यात वरती 'परवाना' असं लिहिलं होतं, म्हणजे नुसती जागा वापरायची परवानगी, भाडेपट्टा नाही, आणि आत सगळं भाडेपट्ट्यासारखं, आमचा पूर्ण ताबा, ठरलेली मुदत, ठरलेलं भाडं. १९८५ मध्ये लॉर्ड टेम्पलमन नावाच्या न्यायाधीशांनी यावरच सांगून ठेवलंय की पाच दातांचं खणायचं अवजार बनवून त्याला फावडं म्हणालात तरी ते दाताळंच. माझे आजोबा शेतकरी होते, त्यांना हे कोर्टात न जाता कळलं असतं.

आता दुसरी बैठक, जिच्यासाठी मी जाणार पण नव्हते. आमचा आपसातला करार. आठ वर्षांत आम्ही एक ओळ लिहिलेली नव्हती, मैत्रिणीत कशाला कागद, हे दोघींचं मत. त्यांनी आम्हाला एकेक कोरा कागद दिला आणि वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवून, अगदी शाळेतल्यासारखं, चार प्रश्नांची उत्तरं लिहायला लावली. कोणाचा किती वाटा, एकीला बाहेर पडायचं असेल तर काय, एकीला काही झालं तर तिचा वाटा कोणाला, आणि दोघींचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. दोन्ही कागद शेजारी ठेवले. मी लिहिलं होतं अर्धा अर्धा. तिने लिहिलं होतं साठ चाळीस.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मला इतकं लागलं की काय सांगू. मग ती म्हणाली, "अगं पहिलं मशीन माझे दागिने मोडून आलं होतं, मी कधी बोलले नाही इतकंच." आणि मी म्हटलं की आठ वर्षं सकाळी सात वाजता शटर मी उघडते ते? दोघींचंही खरं. वकील काही बोलले नाहीत, पाणी दिलं. मग सांगितलं की बऱ्याच देशांनी ज्याचा कित्ता गिरवला त्या इंग्लंडच्या १८९० च्या भागीदारी कायद्यात असं आहे की लेखी काहीच नसेल तर नफा समान वाटायचा, काम कोण जास्त करतं त्याचा वेगळा पगार नाही, आणि मुदत ठरलेली नसेल तर कोणीही भागीदार नोटीस देऊन भागीदारी मोडू शकतो. म्हणजे कायद्याने बघितलं तर तिचे दागिने पण नाहीत आणि माझं सात वाजताचं शटर पण नाही. कायदा दोघींवर सारखाच अन्याय करत होता, हे ऐकून आम्ही दोघी एका बाजूला आलो बहुतेक.

शेवटी ठरलं ते असं: पहिल्या मशीनचे पैसे हे तिचं कंपनीला दिलेलं कर्ज, ते हप्त्याने परत मिळणार, शेअर्स अर्धे अर्धे, आणि रोज जी काम करते तिला पगार, नफा वेगळा. अर्धे अर्धे म्हटलं की अडेल तेव्हा काय हा प्रश्न येतोच. त्यावर त्यांनी एक कलम सुचवलं होतं, एकीने वाट्याची किंमत सांगायची आणि दुसरीने ठरवायचं की त्या किमतीला विकायचा की घ्यायचा, याला इंग्रजीत शॉटगन म्हणतात. ऐकायला फार न्यायाचं वाटतं, एकीने कापायचं दुसरीने निवडायचं. पण मैत्रीण लगेच म्हणाली, म्हणजे ज्या दिवशी एकीच्या हातात पैसे नसतील नेमका तोच दिवस दुसरी निवडणार. वकिलांनी मान्य केलं की हो, हा त्यातला दोष आहे. ते काढून बाहेरच्या माणसाकडून मूल्य ठरवायचं आणि पैसे दोन वर्षांत द्यायचे असं घातलं. आणि याच बैठकीत उघडकीला आलं की आमच्या धंद्याचा फोन नंबर, जो आठ वर्षं सगळ्या बिलबुकांवर छापलाय, तो माझ्या दिराच्या नावावर आहे. तो बदलायला करारापेक्षा जास्त दिवस लागले.

आता तक्रारी.

फोन उचलत नाहीत. मेसेजला उत्तर दोन दिवसांनी, तेही 'बघतो' एवढं. सहीच्या आदल्या रात्री मालकांनी एक कलम बदलून पाठवलं तेव्हा मी अकरा फोन केले, अकरा. लेखी नोट १४ पानांची आहे आणि मराठी असूनही 'उपरोक्त' आणि 'तद्नुषंगाने' मध्ये आमचा जीव गेला, बैठकीत जो माणूस दाताळं फावडं सांगतो तो कागदावर असं का लिहितो कळत नाही. दुसऱ्यांदा मसुदा बघायचे वेगळे पैसे लागतात हे पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं, मालक एका फेरीत सगळं मान्य करणार नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट, त्यांनी मसुद्यात साठेक दुरुस्त्या केल्या आणि सगळ्या एकाच लाल रंगात. स्वल्पविराम पण लाल आणि अमर्याद हमी पण लाल. मालकांनी ते उघडलं आणि म्हणाले तुम्हाला गाळा नकोय का. त्यांचं बरोबर होतं. मग मी स्वतः बसून त्यातल्या सात निवडल्या ज्यांच्याशिवाय सही नाही, आणि बाकीच्या सोडायला तयार झाले, तेव्हा कुठे गाडी पुढे गेली. ही निवड वकिलाने करून द्यायला हवी होती, पैसे त्याचेच घेतात.

मसुद्यांचा घोळ पण झाला. त्यांच्या ऑफिसातून मालकांना 'फायनल' नावाची फाइल गेली, ती 'फायनल २' च्या आधीची होती. सहीच्या दिवशी मालकांनी तीच प्रिंट काढून आणलेली. मला कळलं ते कसं, तर आमच्या शेवटच्या मसुद्यात पानं ४३ होती आणि हातात गठ्ठा जरा हलका लागला. खरंच, गठ्ठा हातात घेऊन पानं ओळखायची सवय. मोजली तर ४१. त्यात नवऱ्यांच्या सह्यांचं परिशिष्ट पण परत आलेलं होतं. तिथल्या तिथे थांबवलं, नवीन प्रिंट काढली, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या छोट्या सह्या घेतल्या. वकिलांना सांगितलं तर सॉरी म्हणाले, चूक मान्य केली, त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

आणि एक त्यांच्या नजरेतून सुटलंच. बोर्ड. करारात कलम होतं की बाहेरच्या भिंतीवर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही लावायचं नाही, आणि परवानगी द्यायला मालकाला कसलीही मुदत नाही. आम्ही छपाईवाल्या, आमचा स्वतःचाच बोर्ड दोन महिने झाले भिंतीला टेकवून आत उभा आहे, मालक म्हणतात सगळ्या गाळ्यांचे बोर्ड एकसारखे करायचेत, बघू. साठ लाल दुरुस्त्यांत हे नव्हतं. यासाठी साडेतीन देणार होते.

यासाठी परत फोन करत होते, तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, का होईना त्यांनी उचलला. मी जरा चिडूनच बोलले. त्यांनी कलम काढून वाचलं आणि म्हणाले, माझ्याकडून सुटलं, पण यात 'बाहेरील भिंतीवर' असं आहे, काच आतून तुमची आहे. रात्री आम्ही दोघींनी बसून व्हिनाइलवर नाव उलटं छापलं, काचेच्या आतल्या बाजूने चिकटवलं, आता रस्त्यावरून सुलटं दिसतं, आणि बोर्डापेक्षा मोठं. या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणून चार.